विश्लेषण : महारेरा क्रमांक आहे, तरी इमारत बेकायदा कशी? ठाणे, कल्याण-डोंबिवलीत घर घेण्यापूर्वी काय तपासावे?

करारनाम्याची नोंदणी झालेली, मुद्रांक शुल्क भरलेले, बँकेचे कर्ज मंजूर, महारेराचा नोंदणी क्रमांकही हातात. एवढे सगळे असूनही डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींमधील रहिवाशांना आपले घर बेकायदा असल्याचे कळले आणि उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. खरेदीदारांनी कागद मागितले नव्हते असे नाही. बहुतेकांनी मागितले, त्यांना ते मिळालेही. गोची होती ती ज्या एका कागदावर बाकीचे सगळे उभे होते त्याची. नोकरीनिमित्त दुबई, सिंगापूर किंवा बंगळूरुत राहून ‘आपल्या भागात’ घर घेणाऱ्यांना तर हा कागद तपासणे आणखी अवघड जाते.

६५ इमारतींचे प्रकरण काय?

डोंबिवलीतील एका वास्तुविशारदाने माहिती अधिकारात कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे काही इमारतींच्या बांधकाम परवानग्यांविषयी विचारणा केली. महापालिकेने अशा परवानग्या दिलेल्याच नव्हत्या. नगररचना विभागाचे बनावट शिक्के आणि अधिकाऱ्यांच्या बनावट सह्या वापरून परवानगीपत्रे तयार करण्यात आली होती, तीच महारेराकडे सादर करून प्रकल्पांची नोंदणी करून घेण्यात आली होती. प्रकरण जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०२२ मध्ये डोंबिवलीत पोलिसांनी गुन्हे दाखल केले, पुढे विशेष तपास पथक नेमले गेले आणि सक्तवसुली संचालनालयानेही चौकशी सुरू केली. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी उच्च न्यायालयाने या बेकायदा इमारती तीन महिन्यांत पाडण्याचे आदेश महापालिकेला दिले. त्यानंतर रहिवाशांना घरे रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या. बाधित कुटुंबांची संख्या सुमारे साडेसहा हजार सांगितली जाते. कोणालाही बेघर होऊ देणार नाही, असे आश्वासन राज्य सरकारने दिले. पण आश्वासनावर घर विकता येत नाही आणि त्या घराचा हप्ता मात्र दर महिन्याला खात्यातून जातोच.

एवढ्या यंत्रणांच्या नजरेतून हे सुटले कसे?

कारण प्रत्येक यंत्रणेने आधीच्या यंत्रणेचा कागद खरा धरला. महारेराने परवानगीपत्राची प्रत आणि विकासकाचे स्वयंघोषणापत्र पाहून क्रमांक दिला. महारेराचा क्रमांक पाहून वित्तसंस्थांनी कर्ज दिले. दुय्यम निबंधक कार्यालयाचे काम दस्त नोंदवण्याचे. इमारत कायदेशीर आहे की नाही याची हमी ते देत नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते. काही रहिवाशांना तर प्रधानमंत्री आवास योजनेचे अनुदानही मिळाले होते, असे ते सांगतात. मग खरेदीदाराने शंका का घ्यावी? बँक सगळे तपासूनच कर्ज देते, हे मध्यमवर्गाच्या घरखरेदीतले सर्वांत जुने गृहीतक या प्रकरणात कोसळले.

बँकेचा वकील जो शोध अहवाल तयार करतो तो बँकेसाठी असतो. त्याचे शुल्क मात्र बहुधा कर्जदारच भरतो. त्या अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि सावकाश वाचावी. ‘सादर केलेल्या छायाप्रतींवरून’ असे शब्द त्यात असतील तर वकिलाने मूळ कागद पाहिलेले नाहीत, असा त्याचा सरळ अर्थ. आणखी एक खूण आहे. प्रकल्पाला मोठ्या राष्ट्रीयीकृत बँका कर्ज देत नसतील आणि विक्री कार्यालयातील माणूस एखाद्या ठरावीक लहान वित्तसंस्थेचेच नाव पुढे करत असेल, तर मोठ्या बँकेच्या जवळच्या शाखेत जाऊन त्या प्रकल्पाचा अर्ज आला होता का आणि का नाकारला, हे विचारावे. उत्तर दर वेळी मिळेलच असे नाही, पण मिळाले तर पुष्कळ कळते.

मूळ परवानगी पडताळायची कुठे आणि कशी?

परवानगी ज्या कार्यालयाने दिली असे म्हटले जाते, त्याच कार्यालयात. कल्याण-डोंबिवलीसाठी तो महापालिकेचा नगररचना विभाग, कल्याण पश्चिमेतील मुख्यालयात. ठाण्यासाठी शहर विकास विभाग, पाचपाखाडीच्या मुख्यालयात. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रावर जावक क्रमांक आणि तारीख असते. कडोंमपा, नरवि, बांप अशी अक्षरे असलेला तो लांबलचक क्रमांक लिहून घ्यावा आणि त्या क्रमांकाचे, त्या तारखेचे, त्या सर्व्हे क्रमांकाचे पत्र विभागाने दिले आहे का, एवढाच प्रश्न विचारावा. विकासकाने दिलेली रंगीत छायाप्रत कितीही खरी दिसली तरी तिला उत्तर मानू नये. बनावट कागद बनवणारा शिक्का नीटच बनवतो.

खिडकीवर दाद लागत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सर्व्हे क्रमांक अमुक, मौजे तमुक येथील इमारतीस दिलेली बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात’ इतके लिहिले तरी पुरते. ६५ इमारतींचे बिंग फुटले त्याच मार्गाने. पन्नास लाखांच्या घरासाठी एक महिना थांबणे जास्त नाही. ‘आज बुकिंग केले तरच हा भाव’ असे कोणी म्हणत असेल, तर तो महिना नेमका कोणाला नको आहे, हे ओळखावे.

या प्रकरणानंतर व्यवस्थाही बदलली. स्थानिक नियोजन प्राधिकरणांनी प्रारंभ आणि भोगवटा प्रमाणपत्रे आपल्या संकेतस्थळावर टाकावीत, असे निर्देश राज्य सरकारने २०२३ मध्ये दिले आणि प्रमाणपत्राची खातरजमा झाल्याखेरीज नोंदणी न देण्याचे धोरण महारेराने स्वीकारले. नव्या प्रकल्पांसाठी हा दिलासा आहे. त्याआधी नोंदणी झालेल्या इमारतींतील सदनिका मात्र आजही हातोहात विकल्या जातात.

प्रमाणपत्र खरे निघाले तरी त्यात लिहिलेले वाचावे. परवानगी तळ अधिक चार मजल्यांची आणि इमारत सात मजल्यांची, हा प्रकार या पट्ट्यात नवा नाही. पाचव्या मजल्यावरचे घर घेणाऱ्यासाठी खरी परवानगीही निरुपयोगी. प्रारंभ प्रमाणपत्र बहुधा टप्प्याटप्प्याने मिळते: आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांसाठी. आपला मजला कोणत्या प्रमाणपत्रात येतो ते पाहावे आणि मंजूर नकाशावर आपल्या सदनिकेवर बोट ठेवून दाखवायला सांगावे. नकाशात जिथे वाहनतळ आहे तिथे गाळे आणि जिथे मोकळी गच्ची आहे तिथे खोल्या निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

२७ गावांत अधिक सावध का राहावे?

कल्याण शीळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंची २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आली. २०२० मध्ये त्यांतील १८ गावे वगळण्याचा निर्णय झाला आणि तो न्यायालयात टिकला नाही. मधल्या काळात येथील नियोजनाची जबाबदारी एमएमआरडीएकडे होती, शिवाय जिल्हाधिकारी कार्यालयाच्या परवानग्या होत्या आणि गावात ग्रामपंचायती होत्याच. या आलटापालटीत कुठल्या वर्षी परवानगी देण्याचा अधिकार कोणाला होता, हे सामान्य माणसाला सांगता येत नाही. नेमका याच गोंधळाचा फायदा घेतला जातो. ‘ग्रामपंचायतीची परवानगी आहे, घरपट्टी लागली आहे’ हे वाक्य या भागात सर्रास ऐकू येते. पाच-सात मजली निवासी इमारतीला ग्रामपंचायतीचा दाखला पुरत नाही. परवानगीवरील तारीख पाहावी, त्या तारखेला नियोजन प्राधिकरण कोण होते ते शोधावे आणि सहीशिक्का त्याच प्राधिकरणाचा आहे का ते ताडून पाहावे. शिक्का एका कार्यालयाचा आणि काळ दुसऱ्याचा असेल तर तिथेच थांबावे.

जुना इतिहासही विसरण्याजोगा नाही. न्या. अग्यार समितीने कल्याण-डोंबिवलीतील अनधिकृत बांधकामांची मोजदाद केली तेव्हा आकडा सुमारे ६८ हजारांवर गेला होता, आणि तो २०१५ मध्ये गावे परत येण्याआधीचा. ठाण्याच्या हद्दीत शीळ येथील लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली. ७४ जणांचे प्राण गेले. काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवत नेलेली ती इमारत पूर्णही झालेली नव्हती, तरी तिच्यात माणसे राहत होती. त्याच शीळ परिसरातील १७ बेकायदा इमारती पाडण्याचे आदेश उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. बारा वर्षांत ठिकाणही बदललेले नाही.

जमिनीच्या कागदांत काय पाहायचे?

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक सरकारच्या संकेतस्थळावरून स्वतः काढावे, विकासकाच्या फाइलमधले घेऊ नये. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा काही रुपयांत मोबाइलवर मिळतो. मालकाच्या नावापेक्षा ‘इतर हक्क’ हा रकाना अधिक बोलका असतो. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, न्यायालयीन दावा, नागरी जमीन कमाल धारणा कायद्याखालील सवलतीच्या अटी, खासगी वनाची नोंद असे सगळे तिथे उमटते. कमाल धारणा कायदा राज्यात २००७ मध्ये रद्द झाला, पण त्याखाली दिलेल्या सवलतींच्या नोंदी ठाण्यातील कित्येक उताऱ्यांवर आजही आहेत. घोडबंदर पट्ट्यात, येऊरच्या पायथ्याशी वनजमिनीची नोंद पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. भूधारणा ‘वर्ग २’ असेल तर हस्तांतरणाला सरकारी परवानगी लागते. गुरचरण, सरकार असे शब्द दिसले तर फाइल मिटून घरी यावे. दिघ्यात एमआयडीसीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या ९९ इमारतींतील कुटुंबांना नंतर जे भोगावे लागले, ते ठाणे-बेलापूर रस्त्याने रोज जाणाऱ्यांनी पाहिले आहे.

उताऱ्यासोबत विकास आराखड्याचा भाग नकाशा घ्यावा. भूखंडावर उद्यान, शाळा किंवा रस्त्याचे आरक्षण आहे का, ते त्यात कळते. मूळ जमीनमालक आणि विकासक वेगळे असतील, जे येथे बहुतेक वेळा असतातच, तर दोघांमधील विकास करारनामा नोंदणीकृत आहे ना आणि कुटुंबातील सगळ्या वारसांच्या त्यावर सह्या आहेत ना, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. आगरी, कोळी, कुणबी कुटुंबांच्या वडिलोपार्जित जमिनींत बहिणींच्या सह्या राहून जातात आणि दहा वर्षांनी दावा उभा राहतो. तीस वर्षांचा शोध अहवाल मागतात तो यासाठीच. वकील मात्र आपण नेमलेला हवा. विकासकाच्या कार्यालयात बसणारा वकील चुकीचे सांगेलच असे नाही, पण त्याचे अशील कोण आहे हे लक्षात असावे.

महारेराच्या पानावर नेमके काय वाचायचे?

क्रमांक आहे एवढे पाहून पान बंद करू नये. जाहिरातीतील क्रमांक भलताच असेल तर तिथेच शंका यावी. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक आहे. उघडलेल्या पानावर प्रकल्पाचे नाव, सर्व्हे क्रमांक, पूर्णत्वाची तारीख, मुदतवाढ किती वेळा घेतली, किती सदनिका विकल्या, कोणते दावे सुरू आहेत आणि जमिनीवर कोणाचा बोजा आहे हे दिसते. नोंदणीची मुदत संपली असेल तर नव्या विक्रीवर बंधन येते, तरी विक्री कार्यालयाच्या पाटीवरचा क्रमांक तसाच चमकत असतो. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. मोठ्या इमारतीचे कागदोपत्री तुकडे पाडून ही सूट लाटली जात नाही ना, ते जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहावे.

नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास रेरा कायद्यात मनाई आहे. आणि रोखीचे काय? करारनाम्यात ४० लाख, बाकीचे ‘हातात’ ही पद्धत या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे प्राप्तिकर कायद्यात बसत नाही, हा एक भाग झाला. त्याहून मोठा भाग असा, की व्यवहार फसला तर परतावा करारनाम्यातल्या आकड्यावरच मागता येतो. हातात दिलेले पैसे कोणत्याच कागदावर नसतात.

घरपट्टी, वीज जोडणी, नळ हे पुरावे नव्हेत?

नव्हेत. महापालिका अनधिकृत बांधकामाकडूनही मालमत्ता कर घेते, वर शास्तीही लावते, आणि कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. वीज मीटर बसला म्हणजे इमारत कायदेशीर, हाही गैरसमज. पूर्ण झालेल्या इमारतीत खरा कागद एकच, भोगवटा प्रमाणपत्र. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात हे आणखी स्पष्ट केले. पूर्णत्व वा भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देऊ नये, वीज-पाणी जोडणी द्यायची ती असे प्रमाणपत्र पाहूनच, बँकांनीही ते तपासूनच कर्ज द्यावे, असे निर्देश त्यात आहेत. ‘प्रमाणपत्र प्रक्रियेत आहे, तोवर फर्निचरसाठी चावी घ्या’ हे वाक्य म्हणजे ताबाच. फर्निचर झाले की माणूस राहायला येतो आणि विकासकावरचा शेवटचा दबाव संपतो.

प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतही दोन गोष्टी कागदावर दिसत नाहीत. पहिली पाण्याची. मे महिन्याच्या एखाद्या सकाळी जाऊन टँकर किती येतात ते पाहावे, पहारेकऱ्याला विचारावे. दुसरी शेजाराची. २३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतील रसायन कंपनीत झालेल्या स्फोटाने दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या होत्या. कंपनीची भिंत आणि बाळाची खोली यांत अंतर किती, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

जुने घर घेताना?

नौपाडा, डोंबिवली पूर्व, कल्याणचा जुना भाग येथे पुनर्विक्रीची घरे अधिक. तिथे पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतच्या करारनाम्यांची साखळी अखंड हवी. मधला एखादा दस्त हरवला असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २ शोधता येते. सोसायटीचा भागदाखला, थकबाकी नसल्याचे पत्र आणि आधीच्या कर्जाची परतफेड झाल्याचे बँकेचे पत्र घ्यावे. जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, हे विचारायला विसरू नये. पुढे पुनर्विकास निघाला की सगळे गाडे तिथेच अडते. पुनर्विकासाचे बोलणे आधीच सुरू असेल तर सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मागून वाचावे.

परदेशात राहून घर घेणाऱ्यांनी काय करावे?

दुबई, मस्कतमध्ये ठाण्या-कल्याणच्या गृहप्रकल्पांची प्रदर्शने भरतात. तिथे मांडलेली प्रतिकृती देखणी असते, पण ती मंजूर नकाशाप्रमाणे आहे की नाही हे प्रदर्शनात कळत नाही. अनिवासी भारतीयांना निवासी आणि व्यापारी मालमत्ता घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळ्याची जमीन घेता येत नाही. त्यामुळे मुरबाड, शहापूरकडचा ‘फार्महाऊस प्लॉट’ अनिवासी ग्राहकाला विकणारा एजंट मुळातच चुकीचे काही विकतो आहे. पैसे बँकेमार्फतच, आपल्या अनिवासी खात्यातून किंवा परदेशातून थेट यायला हवेत. भावाच्या खात्यात पाठवून त्याने विकासकाला द्यायचे, ही सोय पुढे घर विकून पैसे परदेशात नेताना नडते.

इथल्या नातेवाइकाला कुलमुखत्यारपत्र द्यायचे असेल तर ते त्या एका घरापुरते आणि नेमक्या कामांपुरते असावे: करारनाम्यावर सही, नोंदणी, ताबा. विक्रीचा आणि गहाण ठेवण्याचा अधिकार ‘असू दे’ म्हणून घालू नये. परदेशात केलेले मुखत्यारपत्र भारतीय दूतावासात किंवा तेथील नोटरीपुढे करून घ्यावे लागते आणि भारतात पोहोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. पडताळणीचे काम मात्र विकासकाने सुचवलेल्या माणसाकडे देऊ नये. नगररचना विभागात जाऊन जावक क्रमांक विचारून येणारा एक भाचा दहा व्हिडीओ कॉलपेक्षा उपयोगी पडतो.

याचे उलटेही घडते. इथला खरेदीदार घर घेतो आणि विकणारा अमेरिकेत असतो. अशा वेळी ५० लाखांपासूनच्या व्यवहारात कापायचा नेहमीचा एक टक्का टीडीएस लागू होत नाही. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत करकपातीचा दर कितीतरी जास्त आहे, घर ५० लाखांपेक्षा स्वस्त असले तरी ती कपात करावीच लागते, आणि न कापल्यास जबाबदारी खरेदीदाराची. विक्रेत्याचे पारपत्र भारतीय आहे एवढ्यावर विसंबू नये; प्राप्तिकराच्या दृष्टीने तो निवासी आहे का, हे सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे.

फसवणूक झालीच तर दाद कुठे मागायची?

महारेराकडे तक्रार ऑनलाइन करता येते, शुल्क पाच हजार रुपये. ताबा वेळेत न मिळाल्यास व्याजासह परताव्याचा आणि ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांतील बांधकामदोष विनामूल्य दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. आदेश पाळला गेला नाही तर वसुलीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते. विकासकाच्या नावावर मालमत्ताच नसेल तर ती फाइल तहसील कार्यालयात पडून राहते. बनावट परवानगीचा संशय असेल तर महारेरासोबतच पोलिसांतही तक्रार द्यावी, कारण तो फौजदारी गुन्हा आहे. करारनामा, पावत्या, विक्री कार्यालयाशी झालेले संदेश आणि माहिती अधिकारात आलेले महापालिकेचे उत्तर एकत्र ठेवावे. हप्ते मात्र परस्पर थांबवू नयेत; कर्जाचा करार बँकेशी वेगळा असतो आणि इमारत पाडली गेली तरी तो आपोआप संपत नाही.